कापूस पांढरा निघेपर्यंत

मी काढलेला पहिला फोटो कापसाचा होता, आणि तो चुकला होता.

१९९६ ची संक्रांत. मामा नागपूरहून आला होता, त्याच्या गळ्यात यशिकाचा कॅमेरा. "चार फोटू उरले रोलमध्ये, काढ तू," असं म्हणून त्यानं तो माझ्या हातात दिला. मी तेव्हा नववीत होतो. घरातली समोरची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली होती. ज्यांचं लहानपण विदर्भातल्या खेड्यात गेलं त्यांना ही खोली सांगावी लागत नाही. दार उघडलं की सरकीचा उबट, तेलकट वास. आत शिरलं की बाहेरचे आवाज एकदम बसतात, स्वतःचा श्वासही जवळून ऐकू येतो. भिंतीच्या कडेनं वर चढत गेलेला तो पांढरा ढीग म्हणजे आमचं वर्ष होतं. शाळेची फी, बहिणीचं लग्न, सावकाराचं देणं, सगळं त्यातच होतं.

बाबांना मी त्या ढिगापुढे उभं केलं. त्यांनी टोपी सारखी केली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे दोन्ही हात मागे नेले. मी श्वास रोखून बटण दाबलं.

महिनाभरानं रोल धुऊन आला. बाबा ओळखू येत होते, पण मागचा कापूस मातकट होता. पावसात भिजून वाळलेल्या गोधडीसारखा. बाबांनी फोटो उजेडाकडे धरला, दूर नेला, जवळ आणला.

"आपला कापूस असा हाये का रे?"

तेव्हा राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारलाच विकायचा. बंडी भरून केंद्रावर न्यायची, रांगेत रात्र काढायची. ग्रेडर ढिगात हात घालून मूठभर कापूस उपसायचा, बोटांत ताणून धागा बघायचा, रंग बघायचा आणि प्रत ठरवायचा. त्या क्षणी बाबांचे डोळे ग्रेडरच्या बोटांवर असायचे. म्हणून फोटो बघून ते पुढे जे म्हणाले ते मला आजही आठवतं. "ग्रेडरनं हा पाह्यला तर फरदड म्हणून बाजूले टाकन." फरदड म्हणजे हंगाम सरल्यावर निघालेला हलका कापूस.

ते रागावले नव्हते. पण तो फोटो त्यांनी भिंतीवर लावू दिला नाही. पेटीत, सातबाऱ्याच्या कागदांखाली ठेवला.

कापूस मातकट का आला, हे कळायला मला बारा वर्षं लागली. तोवर मी कृषी सहायक म्हणून नोकरीला लागलो होतो आणि पहिल्या काही पगारांतून एक वापरलेला डिजिटल कॅमेरा घेतला होता. पुन्हा कापूस, पुन्हा तोच मळकट रंग. मग एका छायाचित्रकार मित्रानं समजावून सांगितलं. कॅमेऱ्याच्या आत उजेड मोजणारं मीटर असतं. समोर काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. त्यानं एकच गोष्ट धरून ठेवलेली असते की जग सरासरीनं करड्या रंगाचं आहे, साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारं. समोर कापसाचा ढीग आला की त्याला वाटतं, उजेड फार झाला. तो कमी करतो आणि कापूस करडा होतो. समोर नांगरलेली काळी माती आली की त्याला वाटतं अंधार आहे. तो उजेड वाढवतो आणि काळी मातीही करडी होते. रोलचे फोटो छापणारी यंत्रंही असाच सरासरीचा हिशेब करत.

मी ते ऐकलं आणि काही वेळ गप्पच बसलो. काळी माती आणि पांढरा कापूस! आमच्या मुलुखात दुसरं आहे काय? ज्या दोन रंगांवर आमचा जन्म जातो, नेमके तेच दोन रंग कॅमेऱ्याला कळत नाहीत.

इलाज सोपा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उण्याचं एक बटण असतं. कापूस असेल तर अधिककडे न्यायचं, एक, दीड घर. काळं रान असेल तर उणेकडे. सोपा म्हणालो खरा, पण तो करण्यासाठी समोर काय आहे हे फोटो काढणाऱ्याला आधी ठाऊक असावं लागतं. हा कापूस पांढरा आहे, हे मी कॅमेऱ्याला सांगायचं. माझी सगळी फोटोग्राफी तिथून सुरू झाली आणि खरं सांगायचं तर आजही तिथेच आहे.

जुने लोक मीटरशिवाय काम करत. त्यांचा सोळाचा नियम होता. लख्ख ऊन असेल तर भिंगाचं छिद्र १६ वर ठेवायचं आणि फिल्म जितक्या आयएसओची (हा फिल्म किती चटकन उजेड टिपते ते सांगणारा आकडा) असेल, सेकंदाच्या तितक्याव्या भागाएवढा वेळ पडदा उघडायचा. १०० ची फिल्म असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. या नियमातली मला आवडणारी गोष्ट ही की त्यात समोरची वस्तू मोजायचीच नसते, ऊन मोजायचं असतं. राळेगावच्या रस्त्यावर वैशाखात दुपारी बारा वाजता जे ऊन पडतं ते पाटलाच्या वाड्यावर आणि मजुराच्या डोक्यावर सारखंच पडतं. ते मोजलं की कापूस आपोआप पांढरा येतो, माती काळी येते, माणसं आपापल्या रंगाची येतात.

फोटोचा नाद लागतो म्हणजे नेमकं काय होतं, असं बायको कधीकधी विचारते. सुट्टीच्या दिवशी पहाटे पाचला उठून वावरात जाणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारणं रास्तच आहे. मी तिला पोळ्याच्या आदल्या संध्याकाळबद्दल सांगतो.

पोळ्याचे फोटो सगळेच काढतात. तोरणाखाली उभ्या जोड्या, रंगवलेली शिंगं, मठाट्या, झुली, झडत्या म्हणणारे लोक. मीही काढले आहेत, आता त्यांच्यात मन रमत नाही. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी होते. दिवसभर नदीत धुतलेले बैल गोठ्यात उभे असतात, अंगाला ओल्या कातड्याचा वास येत असतो, आणि घरातला कर्ता माणूस तूप-हळद घेऊन त्यांच्या खांद्याला चोळतो. जिथे वर्षभर जू बसतं तिथे कातडी जाड होते, केस झडतात, खांद्यावर एक काळी, टणक गादीच तयार होते. चोळताना तो बैलाच्या कानाशी म्हणतो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या."

एका वर्षी मी शेजारच्या काकांच्या गोठ्यात उभा होतो. पिवळा बल्ब, फार कमी उजेड. काकांचा पंजा बैलाच्या खांद्यावर होता. बघता बघता माझ्या लक्षात आलं की त्या पंजाची कातडी आणि बैलाच्या खांद्याची कातडी सारखीच आहे. तशाच भेगा, तसाच काळपट चकाकणारा घट्टा. दोघंही एकाच जुवाखाली राबले होते. हात फिरला की बैलाची कातडी पाण्यावर लहर जावी तशी थरथरत होती. मी फोटो काढला. तो जरा हललेला आहे, पण मला तसाच आवडतो. चाळीस वर्षांपासून मी खांदेमळणी बघत आलो आहे. तो पंजा आणि तो खांदा मला त्याआधी एकदाही दिसला नव्हता. हातात कॅमेरा होता म्हणून मी उभा राहिलो, आणि उभा राहिलो म्हणून दिसलं. बायकोला मी एवढंच सांगतो.

लोकांना वाटतं फोटो काढायला कुठे तरी जावं लागतं. लोणारला, मेळघाटात, ताडोब्याच्या वाघापाशी. मीही गेलो आहे आणि पुन्हा जाईन. पण कॅमेऱ्यानं काढलेला, आज टिकून असलेला जगातला सर्वांत जुना फोटो कशाचा आहे माहीत आहे? निसेफोर निएप्स नावाच्या फ्रेंच माणसानं १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या माडीच्या खिडकीतून दिसणारी छपरं टिपली. आपलंच आवार, आपलाच गोठा म्हणा ना. त्या पत्र्यावर चित्र उमटायला इतके तास लागले की तोवर सूर्य आभाळ ओलांडून गेला आणि अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन दिसतं. सकाळ आणि संध्याकाळ एकाच फोटोत. मला तो फोटो फार जवळचा वाटतो. सबंध दिवस एका जागी बसून आपलं अंगण बघणाऱ्या माणसाचं ते काम आहे.

नोकरीतही फोटो काढावेच लागतात, आणि तेच जास्त. गारपीट झाली, अतिवृष्टी झाली की पंचनामा. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असलं तरच मदत मिळते, म्हणून फोटो लागतो. फोटोवर अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ. शेतकरी आपल्या आडव्या पडलेल्या तुरीत उभा राहतो आणि मी मोबाइल धरतो. अशा फोटोंना कुणी फोटोग्राफी म्हणत नाही. मी म्हणतो. चिखलात उभा असलेला माणूस त्या क्षणी मोबाइलकडे ज्या नजरेनं बघतो ती नजर मी कुठल्याच प्रदर्शनात पाहिली नाही. त्याला हसू नको म्हणावं लागत नाही, इकडे बघ म्हणावं लागत नाही. मी एकच करतो. कामाचा फोटो झाल्यावर मोबाइल खिशात ठेवतो आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्याच्यासोबत पाच मिनिटं बसतो. फोटो घेऊन लगेच पुढच्या वावरात पळालं की आपण त्याच्याकडून काही तरी उचलून नेलं असं वाटत राहतं.

या कामानं माझी नजर किती घडवली हे मला २०१७ साली कळलं. त्या खरिपात विदर्भभर कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. ती बाहेरून दिसत नाही, हीच तिची दहशत. बोंड हिरवंगार, टवटवीत असतं. फोडलं की आत अळी, किडलेली सरकी आणि डागाळलेला कापूस. पण त्याआधी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, एक खूण देते, तिला डोमकळी म्हणतात. अळी फुलाच्या पाकळ्या आतून लाळेच्या धाग्यानं बांधून टाकते, त्यामुळे फूल उमलतच नाही, अर्धवट मिटलेल्या गुलाबाच्या कळीसारखं दिसतं. हजार फुलांत पाचपन्नास अशी असली तर नुसत्या चालत्या नजरेला कळत नाहीत.

मी ऑगस्टच्या एका सकाळी सातच्या आत वावरात गेलो. तिरपं ऊन होतं. पऱ्हाटीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा फिकट पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. मी गुडघे मातीत टेकवून एका ओळीत सरकत गेलो. एका फुलाजवळ थांबलो. पाकळ्यांची टोकं एकमेकांत पिळलेली. मागून ऊन आलं तसं ते फूल कंदिलाच्या काचेसारखं आतून उजळलं आणि त्या पिवळ्या उजेडात एक बारीक काळपट रेघ हलली. आतली अळी. मी भिंग जवळ नेलं, दवाच्या थेंबासकट सगळं स्पष्ट होईपर्यंत थांबलो आणि फोटो घेतला.

इतका सुंदर फोटो मी फार कमी वेळा काढला आहे. आणि तो काढताना पोटात गोळा आला होता. शेजारच्या ओळीत ज्याचं वावर तो उभा होता, त्याला मी स्क्रीन दाखवली. त्यानं सुंदर वगैरे काही पाहिलं नाही. तो म्हणाला, "असे फुलं तर माह्या वावरात लय हायेत." तो फोटो मी आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकला, खाली लिहिलं, असं फूल दिसलं की तोडून जाळा. नंतर काही जणांनी आपापल्या पऱ्हाटीतल्या डोमकळ्यांचे फोटो पाठवले, हललेले, अंधारे, बोटाच्या सावलीतले. पण डोमकळी ओळखू येत होती. पीक पुष्कळ गेलंच. तरी ज्यांनी ओळखायला शिकून घेतलं त्यांच्या मोबाइलमधले ते अंधारे फोटो मला माझ्या फोटोपेक्षा मोलाचे वाटतात.

आता माणसांच्या रंगाबद्दल, कारण ते मला मनातून बोलायचं आहे.

मीटर कापसाला करडं करतं, मातीला करडं करतं, तसंच माणसांच्या चेहऱ्यांचंही करतं. आमच्याकडची माणसं उन्हात राबणारी, सावळी, काळी. पाठीमागे पांढरं आभाळ असलं की चेहऱ्याचा नुसता काळा ठिपका उरतो. परदेशात कोडॅक कंपनी फिल्मचे रंग जुळवायला प्रयोगशाळांना एका गोऱ्या बाईचा फोटो पाठवायची, पन्नासच्या दशकापासून. शर्ली कार्ड म्हणत त्याला. तिची कातडी बरोबर दिसली की रंग बरोबर. हे वाचलं तेव्हा मला आमच्या तालुक्याच्या गावातला एक स्टुडिओ आठवला. बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते, त्याआधी फोटो पाठवायचा होता. तिथल्या माणसानं तिच्या चेहऱ्यावर इतका उजेड मारला आणि नंतर इतकं पुसलं की नाकाची कड दिसेना. तिच्या हनुवटीवरचं गोंदण गेलं. आईनं ते यात्रेत हौसेनं काढवलं होतं. फोटो हातात घेऊन बहीण म्हणाली, "हे कोन होय?" तोच फोटो पाहुण्यांकडे गेला. ते घरी आले तेव्हा दारात उभ्या असलेल्या माझ्या बहिणीकडे त्यांनी आधी फोटोतली मुलगी शोधल्यासारखं पाहिलं. ती नजर तिच्या आजही लक्षात आहे, आणि माझ्याही.

आज तेच काम मोबाइल न विचारता करतो. चेहरा दिसला की गुळगुळीत आणि गोरा. मी माझ्या फोनमधलं ते सगळं बंद करून ठेवलं आहे. गावात कुणाचाही फोटो काढला तरी कातडीचा रंग बदलत नाही. पोरी कधी नाराज होतात, "सर, थोडं गोरं करजा ना." मी त्यांना सावलीत नेतो, पांढऱ्या भिंतीच्या समोर उभं करतो. भिंतीवरून परत आलेला मऊ उजेड चेहऱ्यावर पडला की सावळा रंग असा काही तजेलदार दिसतो की त्या स्वतःच बघत राहतात. मग गोरं करा असं कुणी म्हणत नाही.

२०१७ चं ते वर्ष आणखी एका कारणानं माझ्या आत रुतून बसलं आहे. त्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या यवतमाळ जिल्ह्यात माणसं दगावली. दवाखाने भरले होते. बाहेरून पत्रकार आले, छायाचित्रकार आले. त्यांनी येणं गरजेचंच होतं, त्यांच्या फोटोंमुळे गोष्ट बाहेर कळली. पण एका घरी मी गेलो तेव्हा घरधनीण ओसरीवर नवऱ्याचा पासपोर्ट साइझचा फोटो दोन बोटांत धरून बसली होती. कुणीही कॅमेरेवाला आला की तो फोटो छातीशी धरायचा, हे तिला त्या दोन दिवसांत सांगून सांगून पाठ झालं होतं. माझ्या गळ्यातला कॅमेरा दिसताच तिनं तो आपसूक वर उचलला.

मी कॅमेरा पिशवीत टाकला. तो फोटो मी काढला नाही, आणि त्याबद्दल माझ्या मनात कधी दोन मतं झाली नाहीत.

निघताना तिनं विचारलं, "साहेब, तुम्ही शेतीशाळेत फोटू काढले होते ना? त्यात हे असतील काय?"

त्या रात्री मी जुन्या फोल्डरमधले चारशेहून जास्त फोटो एकेक करून पाहिले. शेवटी सापडला. गटाच्या अगदी कडेला, अर्धा खांदा कापला गेलेला, पण कुणाच्या तरी बोलण्यावर मोकळेपणानं हसताना. पाठीमागे आभाळ असल्यानं चेहरा अंधारात होता. मी संगणकावर तो हळूहळू उजेडात आणला. आधी डोळे आले, मग दात, मग गालावरचा व्रण. छापायला दिला तेव्हा तिथला पोरगा म्हणाला, जरा रंग उजळवू का? मी म्हणालो, आहे तसा राहू दे. फ्रेम घेऊन गेलो. तिनं पदरानं काच पुसली, धूळ नसतानाही, आणि पोरीला हाक मारून म्हणाली, "पाह्य, बाबा हसून राह्यले." त्या भिंतीवर गजानन महाराज होते, तुकडोजी महाराज होते. त्यांच्या शेजारी खिळा आधीच ठोकलेला होता.

तेव्हापासून मी गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढून, छापून, त्यांच्या हातात देतो. जिवंतपणी. पुष्कळांचा भिंतीवरचा फोटो रेशनकार्डावरून किंवा आधारकार्डावरून मोठा केलेला असतो. डोळे घाबरलेले, मान ताठ. माणूस सत्तर वर्षं जगतो आणि मागे राहतो तो सरकारी खुर्चीवर बसलेला एक क्षण. हे मला पटत नाही. "माहा फोटू काढून काय करतं बाप्पा? जवानीत कोनी काढला नाई," असं एक आजी म्हणाल्या होत्या, आणि असं म्हणतच लुगड्याचा पदर सारखा करून, दारातल्या तुळशीपाशी जाऊन स्वतःच उभ्या राहिल्या होत्या.

वर्ध्याला काम निघालं की मी सेवाग्रामला जाऊन बसतो. तिथल्या कुटीत आत उजेड कमी असतो, खिडकीच्या कुडातून पट्ट्यापट्ट्यांनी येतो. बापूंच्या नात्यातल्या कनू गांधींनी बापूंचे फोटो इथे काढले. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून त्यांनी रोलायफ्लेक्स कॅमेरा घेतला होता. बापूंनी परवानगी देताना तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही, उभं राहा-बसा असं सांगायचं नाही, आणि आश्रमाचे पैसे यावर खर्च करायचे नाहीत. मी जेव्हा जेव्हा त्या कुटीत बसतो तेव्हा या अटी घालणाऱ्यापेक्षा पाळणाऱ्याचा विचार करतो. फ्लॅश नाही म्हणजे आहे त्या उजेडात कसं दिसतं ते शिकायचं. सांगायचं नाही म्हणजे घडेपर्यंत थांबायचं. आणि रोलायफ्लेक्समध्ये वरून, मान खाली घालून बघावं लागतं. कनू गांधी दहा वर्षं बापूंपुढे मान वाकवूनच उभे होते, असं मला उगाच वाटत राहतं.

मागच्या दसऱ्यानंतर आमच्याकडे पहिला वेचा, म्हणजे कापसाची पहिली वेचणी, सुरू झाला. वेचणीआधीच्या पूजेचा, सीतादहीचा, दहीभात पऱ्हाटीच्या बुडाशी ठेवून झाला. माय आता थकली आहे, पण पहिल्या दिवशी ती ओटी बांधून वावरात उतरतेच, कुणाचं ऐकत नाही. दुपारपर्यंत ऊन तापलं होतं. मी तिच्या हातांचा फोटो घ्यायला गेलो. एका हातात नुकताच वेचलेला कापूस, दुसरा हात बोंडाशी. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, वेचून वेचून नखांच्या कडा फाटतात. "हाताचा कायले काढतं?" म्हणून ती हात ओटीत लपवायला लागली.

काढायला गेलो तर जमेना. कापूस बघून उजेड धरला की हात काळे, त्यातली एकही रेघ दिसत नाही. हात बघून धरला की कापूस जळून जातो, नुसता कोरा कागद. कापूस की हात, यातलं एक निवडावं लागत होतं. मी कॅमेरा खाली ठेवला आणि तिच्याबरोबर वेचायला लागलो.

सूर्य टेकाडामागे गेला तेव्हा शेवटची ओळ राहिली होती. ऊन संपलं होतं, पण आभाळ अजून उजळ होतं. त्या उजेडाला धार नसते, तो सगळ्या बाजूंनी सारखा येतो. माय धुऱ्यावर बसून ओटी खाली करत होती. कापूस तिच्या दोन्ही हातांत होता आणि ती त्यातलं एक वाळकं पान वेचून काढत होती. मी अधिककडे एक घर सरकवलं आणि फोटो घेतला.

तो छापून आणला. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, तरी त्यांनी फोटो तसाच उजेडाकडे धरला, दूर नेला, जवळ आणला, जसा तीस वर्षांपूर्वी धरला होता. मी काही बोललो नाही. त्यांनी अंगठा कापसावर ठेवला, कापूस ताणून बघावा तसा जरासा घासला.

"पयल्या वेच्याचा हाये," ते म्हणाले.

मग त्यांचा अंगठा कापसावरून खाली, त्या काळ्या, चिरा पडलेल्या बोटांवर आला आणि तिथे थांबला. आत चुलीजवळ माय भाकरी थापत होती. बाबांनी तिकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, आणि मला म्हणाले, "खिळा आन."